चहाचं चिनी अक्षर मुळापासून: एक रेघ गळाली आणि ‘तू’चा ‘छा’ झाला

चिनी अक्षरांवरचं एखादं रील कधी मोबाईलवर आलं असेल तर त्यात चहाचं अक्षर हमखास असतं. वर गवत, मधे माणूस, खाली झाड, म्हणजे निसर्गाच्या कुशीत बसलेला माणूस म्हणजे चहा, आणि मागे बासरी वाजतेय. मीपण बरीच वर्षं हेच सगळ्यांना सांगत फिरायचो. गोष्ट गोड आहे, लक्षातही राहते, फक्त तो त्या अक्षराचा उगम नाहीये. खरा उगम वेगळाच आहे आणि मला तर तो जास्त आवडतो, कारण त्यात एक कडू पाला आहे, वैतागलेला नोकर आहे, कुणीतरी गाळलेली एक रेघ आहे आणि शेवटी चक्क आपल्याकडचा एक शब्द आहे.

तर आज हे एकच अक्षर घ्यायचं, हाताने काढायचं, सुटं करायचं आणि त्याच्या मुळापर्यंत जायचं. एक निवांत संध्याकाळ पुरते. चिनी अजिबात येत नसेल तरी चालेल. आणि हीच पद्धत पुढे कुठल्याही अक्षराला लावता येते, म्हणून एका अक्षरावर इतका वेळ घालवतोय.

आधी तयारी

गणिताची चौकटीची वही घ्या, शाळेतल्या पोरांची असते ती. दोन आडवे नि दोन उभे असे चार चौकोन मिळून एक मोठा चौकोन धरा. चीनमधे मुलं ज्या कागदावर गिरवतात त्याला ‘शेताच्या आकाराची चौकट’ म्हणतात, कारण शेताचं चिनी अक्षरच मुळी चार खणांच्या चौकोनासारखं दिसतं. आपली गणिताची वही त्याच कामाला येते, वेगळं काही विकत आणायची गरज नाही.

मग मोबाईलवर कुठलंही भाषांतराचं ॲप उघडा, मराठीतून चिनी निवडा आणि ‘चहा’ टाईप करा. एकच अक्षर येईल. ते मोठं करून समोर ठेवा, पण लगेच गिरवायला घेऊ नका, आधी नुसतं बघा. तीन मजले दिसतायत का? वर एक आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा. मधे उतरत्या छपरासारख्या दोन तिरक्या रेघा. आणि छपराखाली अधिकच्या चिन्हासारखं काहीतरी, ज्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा फटकारा आहे. एवढंच आहे ते.

पायरी १: नऊ रेघा, याच क्रमाने

चिनी अक्षरात रेघांचा क्रम ठरलेला असतो आणि तो पाळायचाच. सवय लागली की हात आपोआप चालतो, शिवाय मोबाईलवर बोटाने काढून अक्षर शोधायचं असेल तर क्रम बरोबर असला की ॲपला पटकन कळतं.

पहिली रेघ वरची आडवी, डावीकडून उजवीकडे. इथे आपला मराठी हात अडतो, कारण आपण आधी अक्षर काढतो नि शिरोरेषा सगळ्यात शेवटी ओढतो, इथे आडवी आधी येते. दुसरी, तिला डावीकडे छेदणारी छोटी उभी. तिसरी, तशीच उजवीकडे. झाला वरचा मजला. त्याच्या मधोमध थोडं खाली टोक धरायचं आणि तिथून चौथी रेघ डावीकडे खाली घसरत न्यायची, पाचवी त्याच टोकापासून उजवीकडे. ह्या दोन रेघा अख्ख्या अक्षरात सगळ्यात लांब, चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत पसरू द्या, नाहीतर अक्षर आखडल्यासारखं दिसतं. सहावी, छपराखाली छोटी आडवी. सातवी, टोकाच्या जरा खालून निघून त्या आडवीला कापत सरळ खाली जाणारी उभी. आठवी डावीकडचा छोटा तिरका फटकारा, नववी उजवीकडचा ठिपका, थोडा लांबट.

वीस वेळा काढा. पहिली दहा भयाण येतात, सगळ्यांचीच येतात. माझं छपर कित्येक दिवस वाऱ्याने उडाल्यासारखं एका बाजूला कललेलं असायचं.

तैवानच्या पुस्तकात वरची आडवी मधे तोडून दोन तुकड्यांत काढलेली दिसेल, तिथे त्या मजल्याच्या चार रेघा मोजतात नि एकूण दहा होतात. अक्षर तेच. चीन आणि जपानमधे नऊ.

पायरी २: सुटं करा, पण गोष्टीला भुलू नका

आता तीन मजल्यांची नावं. वरचा मजला म्हणजे गवत किंवा वनस्पती. हा भाग जिथे डोक्यावर दिसेल तिथे समजायचं की काहीतरी झाडपाल्यातलं आहे: फूल, भाजी, औषध, कमळ, द्राक्ष, सगळ्यांच्या डोक्यावर हेच गवत. कडू चवीच्या अक्षरावरही आहे, कारण ते मुळात एका कडू पाल्याचं नाव. अशा अर्थ सांगणाऱ्या भागाला आपण ‘घर’ म्हणू, कारण जुन्या शब्दकोशात अक्षर त्या घराखाली शोधतात. १७१६ मधे पुरा झालेल्या कांगशी शब्दकोशात अशी २१४ घरं आहेत आणि गवत हे १४० वं. चहा शोधायचा तर १४० व्या घरात जायचं आणि गवत सोडून उरलेल्या रेघा मोजायच्या, सहा, की सहा रेघांच्या रांगेत तो सापडतो. एकदा हे करून बघाच, फोन नंबर शोधायला जुनी डिरेक्टरी चाळायचो तसलीच मजा येते.

मधला मजला एकटा काढला तर ते माणसाचं अक्षर, आणि खालचा मजला झाडाच्या अक्षरासारखा. इथूनच ती ‘गवत आणि झाड यांच्यामधे माणूस’ ही गोष्ट निघाली. चीनमधेही ती फार लोकप्रिय आहे, चहाच्या दुकानांत भिंतीवर रंगवलेली असते.

पण एक साधी शंका घ्या. कुठल्याही चिनी अक्षराबद्दल ‘हे चित्र, ते चित्र, दोन्ही मिळून हा अर्थ’ असं कोणी सांगितलं तर लगेच विचारायचं, की यातला एखादा भाग नुसत्या उच्चारासाठी तर नाही ना? कारण बहुतेक चिनी अक्षरं चित्रांची नाहीत. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा भाग उच्चाराची, असली जोडकामाची अक्षरंच सगळ्यात जास्त आहेत. सूर्य, डोंगर, झाड अशी खरी चित्राक्षरं मोजकी असतात नि पहिल्या धड्यात तीच शिकवतात, त्यामुळे आपला समज होतो की सगळी लिपीच चित्रांची आहे.

चहाच्या अक्षरात मात्र उच्चाराचा भाग सापडत नाही. माणसाच्या अक्षराचा उच्चार रन, झाडाचा मू, आणि चहाचा छा, कुठेच जुळत नाही. म्हणजे अक्षरात काहीतरी मोडलंय. ते कुठे मोडलं हे शोधायला जुनं रूप काढावं लागतं.

पायरी ३: जुनं रूप

वहीत तुमचं अक्षर पुन्हा काढा आणि छपराखाली एकाऐवजी दोन आडव्या रेघा द्या. एक वर, एक खाली. बस, आता नवाच्या दहा रेघा झाल्या. हे वेगळं अक्षर आहे, उच्चार ‘तू’, आणि हाच चहाचा बाप.

आता या बापाचं गवत झाकून खालचं बघा. ते माणूस अधिक झाड असं उरत नाही, ते स्वतःच एक पूर्ण अक्षर आहे, उच्चार ‘यू’, जुन्या चिनीत त्याचा अर्थ ‘मी’. तो अर्थ इथे अजिबात लागू नाही, भाग घेतलाय तो फक्त आवाजासाठी. यू आणि तू कुठे जुळतात असं वाटेल, पण हाच भाग असलेली बाकीची अक्षरं काढून बघा, रस्ता या अर्थाचं एक अक्षर ‘तू’, चोपडणं या अर्थाचं ‘तू’, काढून टाकणं या अर्थाचं ‘छू’. दोन-तीन हजार वर्षांत उच्चार घसरत गेले, पण कुटुंब एकच आहे. म्हणजे गवत सांगतंय की ही वनस्पती आहे, खालचा भाग सांगतोय की हिला साधारण असं म्हणा. मधे माणूस वगैरे कोणी बसलेला नव्हता!

हा ‘तू’ म्हणजे मुळात कडू पाला. शीजिंग नावाचा चिनी काव्यांचा सगळ्यात जुना संग्रह आहे, त्यात एक टाकून दिलेली बायको म्हणते की ‘तू’ पाला कडू असतो असं कोण म्हणतं, माझ्या दुःखापुढे तो गोड लागतो. तिथे चहा नाही, रानभाजी आहे. इसवी सन १०० च्या सुमाराला शू शेन या विद्वानाने अक्षरांची फोड करणारा पहिला मोठा कोश लिहिला, श्वोवन जिएज़ी. त्यात या अक्षरापुढे एवढंच आहे: कडू तू. चहाच्या आजच्या अक्षराला त्या कोशात जागाच नाही. जवळजवळ नऊशे वर्षांनी, ९८६ मधे, शू श्वेनने तो कोश नव्याने सिद्ध केला तेव्हा त्याने इथे टीप टाकली की हेच आजचं चहाचं अक्षर. चहा कोशात शिरला तो असा तळटिपेतून.

मधल्या काळात काय झालं? दक्षिणेकडे, सिचुआनच्या बाजूला, लोक एका झाडाची पानं उकळून पीत होते, ती पण कडू, मग तिला त्याच कडू पाल्याचं अक्षर चिकटवलं. आपण नाही का, कुठल्याही हिरव्या पातळ भाजीला सरळ पालेभाजी म्हणून टाकतो, तसं. इसवी सनापूर्वी ५९ मधला एक मजेदार मजकूर आहे, वांग बाओ नावाच्या माणसाने एका उद्धट नोकराला विकत घेताना केलेला करार. नोकर म्हणाला की जी कामं करारात नाहीत ती करणार नाही, तर ह्याने पहाटेपासून रात्रीपर्यंतची कामांची इतकी मोठी यादी वाचून दाखवली की नोकर ढसाढसा रडायला लागला. त्या यादीत ‘तू’ उकळणं आणि वूयांग गावी जाऊन ‘तू’ विकत आणणं अशी दोन कामं आहेत. उकळायचा तू म्हणजे चहाच की नुसती भाजी यावर वाद घालणारे आहेत, पण परगावी जाऊन विकत आणायची वस्तू म्हणजे परसातली रानभाजी नसणार, मला तरी चहाच वाटतो.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला गुओ पू या टीकाकाराने तर स्पष्टच लिहिलं, की झाड लहान असतं, हिवाळ्यातही पानं येतात, ती उकळून रस पितात, लवकर खुडलेल्याला तू म्हणतात नि उशिरा खुडलेल्याला मिंग. हा मिंग शब्द आजही चहाच्या डब्यांवर असतो, जरा उंची वाटावं म्हणून.

थांग राजघराण्याच्या काळापर्यंत (सातवं ते दहावं शतक) चहा देशभर प्यायला जाऊ लागला आणि एकाच अक्षरात कडू भाजी, बोरूसारख्या गवताचा पांढरा तुरा नि चहा असे तिघे राहायला लागले. मग घर वेगळं करावंच लागलं. आठव्या शतकात लू यूने चहावरचं पहिलं पुस्तक लिहिलं, छाजिंग, आणि त्याने पहिल्याच प्रकरणात अक्षराचा विषय काढलाय: कोणी गवताच्या घरात लिहितात, कोणी झाडाच्या, कोणी दोन्ही घालतात. शिवाय पाच नावं दिलीत, छा, ज्या, श, मिंग आणि छ्वान. म्हणजे त्याच्या काळी अजून सगळा गोंधळच होता.

पायरी ४: रेघ कधी गळाली ते तारखेनिशी

मला या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात आवडतो तो हा भाग. पुस्तकावरून तारीख ठरवता येत नाही, कारण पुस्तकं पुन्हा पुन्हा नकलली जातात आणि नक्कल करणारा आपल्या काळातलं अक्षर घालून मोकळा होतो. लू यूच्या पुस्तकाच्या आज मिळणाऱ्या जुन्या प्रती सोंग काळातल्या, म्हणजे त्याच्या काही शतकं नंतरच्या. तेव्हा अक्षराचं वय काढायचं तर दगडाकडे जायचं, दगडावर साल कोरलेलं असतं आणि नंतर कोणी सुधारत नाही. शिलालेख नि ताम्रपट ही आपल्याकडे ओळखीची गोष्ट, फरक एवढाच की इथे अख्खी लिपी नाही, एका अक्षरातली एक रेघ शोधायची आहे.

१७ व्या शतकात गू येनवू या विद्वानाने हेच केलं. थायशान डोंगरावर जाऊन थांगकालीन लेख वाचले. ७७९ च्या लेखात ‘चहा-औषध’ आहे, ७९८ च्या लेखात ‘चहाची मेजवानी’ आहे, आणि दोन्हीकडे अजून दोन आडव्या रेघांचा तू. मग ८४१ मधला श्वेनमी स्तूपाचा शिलालेख बघितला, प्रसिद्ध सुलेखनकार लिऊ गोंगछुआनच्या हातचा, आज तो शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे, आणि ८५५ मधला गुइफंग गुरूंचा शिलालेख, पेइ श्यूच्या हातचा. या दोन्हींत एक रेघ गायब! निष्कर्ष काढला की बदल थांगच्या मधल्या काळानंतर झाला.

तसं हाताच्या घाईत रेघ गाळणारे त्याच्याही आधी होते, हान राजघराण्याच्या काळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या आगेमागेच्या काही शिक्क्यांवर ती गाळलेली दिसते. पण घाईत गाळणं वेगळं आणि मोठ्या सुलेखनकाराने दगडावर गाळणं वेगळं.

आणि आता गंमत. ८४१ च्या त्या दगडावर ज्या शब्दात हे नवं अक्षर आलंय तो शब्द चहाचा नाहीच. तो बौद्ध भिक्षूच्या दहनाचा शब्द आहे, ‘तूफी’, म्हणजे पालीतल्या ‘झापेति’, जाळणं, या शब्दाचं चिनी रूप. ज्यांचा तो स्तूप ते गुरू गेले, त्यांचं दहन केलं, तीनशेच्या वर अस्थिधातू (राखेतले पूज्य अवशेष) मिळाले असा तो मजकूर. चहाचं आजचं अक्षर कधी रुळलं याचा जो पुरावा दाखवतात, तो भारतातून गेलेल्या अंत्यसंस्काराच्या शब्दातला आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा समोरचा चहा गार झाला होता.

पायरी ५: कानाने ओळखा, चहा आणि टी एकच

इथे मराठी माणूस फायद्यात आहे. ६०१ मधल्या छिएयुन या यमककोशासारख्या (यमकं जुळतील तशी अक्षरं लावलेला कोश) साधनांवरून अभ्यासकांनी त्या काळचा उच्चार बांधलाय, आणि चहाच्या शब्दाची सुरुवात होते मूर्धन्य व्यंजनाने, म्हणजे जीभ मागे वळवून म्हटलेला ड. साधारण ‘डा’ किंवा ‘डॅ’. इंग्रजाला हे समजावताना घाम फुटतो, आपल्याला ट ठ ड ढ बालवाडीपासून येतात.

आता तोंडात करून बघा. ‘डा’ म्हणा, मग जीभ तिथेच ठेवून थोडी हवा घासून जाऊ द्या, ‘ड्झा’, आणि मग घोष, म्हणजे गळ्यातली थरथर, काढून टाका, हवा जोरात सोडा, ‘छा’. उत्तरेकडे हेच झालं. आग्नेय चीनमधल्या फूज्येन प्रांताच्या किनाऱ्यावरच्या मीन बोलींत मात्र ती हवा घासलीच नाही, जीभ पुढे आली, ड चा त झाला नि स्वर बदलला: ‘ते’. अक्षर एकच, लिहिताना दोघं तेच लिहितात, वाचताना एक छा म्हणतो नि एक ते. दक्षिण व्हिएतनाममधे आजही जवळजवळ ‘टा’ ऐकू येतो.

पुढचं सगळं व्यापाऱ्यांचं काम. डचांनी फूज्येनच्या लोकांशी व्यवहार केला, ते ‘ते’ घेऊन गेले, त्यातून इंग्रजी टी, फ्रेंच ते, जर्मन टे. पोर्तुगीज मकावला बसले, तिथे कँटनची बोली, ते ‘शा’ म्हणतात आणि लिहिताना अजूनही जुनाच च लिहितात. खुष्कीच्या मार्गाने फारसी चाय, तीच तुर्की, रशियन आणि हिंदीत. आपल्या देशातच दोन्ही पक्ष हजर आहेत: मराठी चहा, गुजराती चा, गोव्याकडचा च्या, मल्याळम चाया एका बाजूला, तमिळ तेनीर दुसऱ्या बाजूला, म्हणजे ते अधिक नीर. ‘चहा घेणार की टी?’ असं ऑफिसात कोणी विचारलं तर भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो एकच प्रश्न दोनदा विचारतोय. आणि गावाकडे ‘च्या पिऊन जा’ म्हणणाऱ्याला कोणी हसू नका, त्याचा एकाक्षरी शब्द आपल्या ‘च-हा’पेक्षा मूळ चिनीला जवळचा आहे.

उच्चाराचं नीट सांगतो. चमच्यातला च नाही. छ म्हणा, पण जीभ ट म्हणताना वळते तशी वळवून. आणि सूर चढता हवा, कोणी काहीतरी अचाट सांगितल्यावर आपण ‘काऽय?’ विचारतो तो सूर. हाच आवाज वरून खाली आपटलात तर त्याचा अर्थ ‘कमी’ किंवा ‘खराब’ होतो, हॉटेलात जरा सांभाळून.

पायरी ६: डब्यावर नि मेन्यूवर ओळखा

अक्षर पाठ झालं की ते जिथे तिथे दिसायला लागतं. बहुतेक वेळा ते जोडीत शेवटी असतं आणि आधीचं अक्षर प्रकार सांगतं. ल्यूछा म्हणजे हिरवा चहा, नायछा म्हणजे दूध घातलेला, ह्वाछा म्हणजे फुलांचा. सुरुवातीला आलं तर चहाची वस्तू: छाये चहापत्ती, छाहू किटली, छाबेइ कप, छाग्वान चहाचं दुकान.

सगळे फसतात तो रंग. आपण ज्याला ब्लॅक टी म्हणतो तो तिथे होंगछा, शब्दशः लाल चहा, कारण ते कपातल्या पाण्याचा रंग बघतात नि युरोपवाले पत्तीचा बघायचे. आणि ‘काळा चहा’, हेइछा, असा वेगळाच प्रकार आहे, युन्नानच्या पु-अरसारखा मुरवलेला, मातकट वासाचा. मी एकदा ब्लॅक टीचं शब्दशः भाषांतर करून हेइछा मागितला, आणि समोर आलं ते पावसाळ्यात बंद घर उघडल्यासारखं लागत होतं. आता आवडतो, पण त्या दिवशी साखर शोधत होतो.

अजून दोन-तीन गोष्टी सहज. चीनमधे एखाद्या माणसाला ‘चहाला बोलावलं’ असं दबक्या आवाजात सांगितलं तर पोलिसांनी चौकशीला नेलं असा अर्थ असू शकतो. एखाद्या मुलीला ‘ल्यूछा’ म्हणणं कौतुक नाही, साळसूदपणाचा आव आणणारी असा टोमणा आहे. जपानीत हेच अक्षर रंग या शब्दाला जोडलं की तपकिरी रंग होतो. आणि चिनीत सोफ्यासमोरच्या बुटक्या टेबलाला ‘छाजी’, चहाचं टेबल म्हणतात, तर आपल्याला वाटतं आपल्या टीपॉयमधला टी पण तोच असणार. नाही! टीपॉय हा तिपाईवरून आलाय, तीन पायांची ती तिपाई. चहाचा तिथे काही संबंध नाही, आता मात्र कप ठेवून ठेवून आला असेल.

मोबाईलवर टाईप करायचं तर चिनी कीबोर्ड घालून रोमन लिपीत सी, एच, ए दाबा. चार-सहा अक्षरांची रांग येईल, त्यात डोक्यावर गवत असलेलं निवडा.

पायरी ७: बापाशी गल्लत करू नका

ती दोन रेघांची दहा-रेघी ‘तू’ अजून जिवंत आहे, म्हणून ओळखता यायला हवी. एक वाक्प्रचार फार वापरतात, ‘आगीसारखं, तू-सारखं’, म्हणजे एखादं काम जोशात चालू असणं. यातला तू म्हणजे गवताचा तो पांढरा तुरा. गोष्ट प्राचीन चीनमधल्या वू राज्याच्या राजा फूछायची, त्याने सैन्याची एक तुकडी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात उभी केली, ती लांबून तुऱ्यांच्या शेतासारखी दिसली, आणि दुसरी लाल, ती आगीसारखी. स्वतः चिनी लोकही घाईत हा शब्द ‘आगीसारखं, चहासारखं’ असा वाचतात आणि मग हशा होतो, त्यामुळे आपली चूक झाली तर फार लाजायचं कारण नाही. दुसरा शब्द तूदू, छळ, विध्वंस, त्यातही कडू तू आहे. टी-शर्टवर किंवा हातावर चहाचं अक्षर काढून घेणार असाल तर छपराखालच्या आडव्या रेघा आधी मोजा. एक असेल तर चहा. दोन असतील तर तुम्ही कडू भाजी गोंदवून घेताय.

जाता जाता, १०८

आता त्या खोट्या गोष्टीसारखाच एक खेळ, पण हा खेळ आहे हे सगळ्यांना माहीत असतं. वरच्या गवताचे दोन तुकडे केले तर दोन अधिकची चिन्हं दिसतात, आणि चिनीत अधिकचं चिन्ह म्हणजे दहा. झाले वीस. मधलं छपर थोडं फाकवलं की आठचा आकडा, खालचं अधिक म्हणजे दहा, आणि शेवटचे दोन फटकारे पुन्हा आठ. आठ-दहा-आठ म्हणजे चिनी पद्धतीने अठ्ठ्याऐंशी. वीस नि अठ्ठ्याऐंशी मिळून १०८. म्हणून चीन-जपानमधे १०८ वर्षांच्या आयुष्याला ‘चहाचं वय’ म्हणतात. जपमाळेचे मणी मोजणाऱ्यांना हा आकडा वेगळा सांगायला नको.

तांदळाच्या अक्षराची अशीच फोड केली की नुसते ८८ येतात, म्हणून ८८ म्हणजे ‘तांदळाचं वय’. तत्त्वज्ञ फंग योउलान आणि त्यांचे मित्र जिन युएलिन दोघंही १८९५ चे, १९८३ मधे दोघांची ८८ वी आली तेव्हा फंगनी मित्राला लिहून दिलं: तांदळावर कशाला थांबायचं, चहाला भेटू. जिन पुढच्याच वर्षी गेले, फंग ९५ व्या वर्षी.

वहीचं पान उरलं असेल तर भाषांतराच्या ॲपमधे ‘तांदूळ’ टाका. दोन अक्षरं आली तर त्यातलं दुसरं घ्या, सहा रेघांचं. मधे मोठं अधिक, वर दोन फटकारे, खाली दोन. आठ, दहा, आठ सापडतायत का बघा.